बासष्ट दात्यांचा विळा

नायगावच्या आठवडी बाजारात शीतलधार महाराजांना दिवसाला काय सुटत असेल, याचा हिशेब मी एकदा चहा थंड होईपर्यंत केला. अवजारं सव्वाशे, दर एकावन्न रुपये. तीर्थाच्या बाटल्या शंभर, दर वीस. झाले आठ हजार तीनशे पंचाहत्तर. नारळ वेगळे, ते संध्याकाळी पुन्हा त्याच दुकानात जात आणि पुढच्या बाजारी नव्याने महाराजांच्या पायाशी येत. खर्चाच्या बाजूला एक लाल पडदा, एक स्पीकर आणि एक मेहुणा. मेहुण्याचं तेव्हा मला ठाऊक नव्हतं, म्हणून माझा हिशेब तेवढा चुकला.

गर्दी मात्र खरी होती. माझं वजनकाट्यांचं दुकान. त्याच्या समोरच्या रिकाम्या गाळ्यात महाराज बसत. सकाळी नऊपासून माणसं कोयते, कुऱ्हाडी, खुरपी घेऊन रांगेत उभी. बायकांच्या काखेत विळ्या. पडद्याला हात जाईल एवढी फट होती. फटीतून बोथट कोयता आत जायचा, महाराज पडद्यापुढे डोळे वटारून बसायचे, आणि स्पीकरवरचं भजन इतकं चढवलेलं असायचं की शेजारच्याची शिंक ऐकू येऊ नये. पाच मिनिटांनी कोयता बाहेर. ओला, गार, आणि असा की नुसता टेकवला तरी हातावरचे केस उडावेत.

महाराजांचा माणूस शिवमूर्ती तो कोयता कुणाच्या तरी गालाला लावायचा.

“थंड हाय का न्हाई?”

“हाय.”

“ठिणगी दिसली का कुठं?”

“न्हाई.”

“मग धार कुणी लावली? दगडानं लावली असती तर ठिणग्या उडाल्या असत्या, लोखंड तापलं असतं. हितं आगच न्हाई. महाराजांनी हिमालयात बारा वर्षं आग पिऊन काढली, आता त्यांच्या नजरेत बर्फ हाय. नजर पडली की बोथटपण लाजून निघून जातंय.”

बारा वर्षं आग पिणाऱ्या माणसाला दर बाजारी दुपारी ॲसिडिटीची गोळी लागायची. ती माझ्या शेजारच्या मेडिकलमधून जायची.

गाळ्यापासून वीस पावलांवर फरीदाचा दगड होता. मोडक्या सायकलवर बसवलेलं धार लावायचं चाक; पायडल मारायचं की दगड फिरतो. पूर्वी ते काम तिचा नवरा खाजा करायचा. एकदा ठिणगी डोळ्यात गेली, तेव्हापासून तो बाजूला बसून छन्नी-हातोड्याचं काम करतो आणि पायडल फरीदा मारते. दर वीस रुपये. महाराज आल्यापासून तिच्याकडं चिटपाखरू फिरकेना. वर शिवमूर्तीने एक नवीनच आवई उठवली होती, “खाजाच्या दगडावर लोखंड निळं पडतंय. निळं लोखंड म्हणजे शापाचं लोखंड.”

पातं दगडावर जास्त वेळ धरलं तर निळं पडतं, हे खरं होतं. म्हणून तर खोटं इतकं झकास चाललं.

धंद्याचं फरीदाने मनावर घेतलं नसतं. तिच्या शेजारी पोत्यावर कांदे-लसूण घेऊन बसणारी केवळाबाई होती, तिच्या पायाचं घेतलं. साठीची बाई, शुगरचा आजार असलेली. महिन्याभरापूर्वी विळीवर पाय पडून अंगठ्याजवळ कापलं होतं. ती त्या जखमेवर रोज तीर्थ ओतत होती. तीर्थ म्हणजे करड्या रंगाचं, तळाशी गाळ बसलेलं पाणी. “महाराजांच्या नजरेनं लोखंडाला धार येती, मग माणसाच्या मांसाला तेज का येणार न्हाई?” असं शिवमूर्तीने तिला समजावलं होतं. पायाला आता वास यायला लागला होता.

फरीदाने तिला ओढतच सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टर विनीता मॅडमनी जखम पाहिली, बाटली नाकाशी धरली आणि म्हणाल्या, “मावशी, आज नांदेडला गेलात तर एखाद्या बोटावर निभावेल. पुढच्या बाजारापर्यंत थांबलात तर पायाचं मी सांगू शकत नाही.”

केवळाबाई नांदेडला गेली नाही. पाच बाटल्या झाल्या होत्या, सात झाल्याशिवाय गुण येत नाही असं तिला सांगितलेलं.

“मावशी, ते दगडाचं पाणी हाय,” फरीदा म्हणाली. “माझ्या चाकाखालची भुकटी मी रोज झाडते. मला वासानं कळतंय.”

“तुझं गिऱ्हाईक गेलं म्हणून बोलून राहिली तू.”

“हाव, गेलं. तुझा पाय बी चाललाय.”

“पाय माझा हाय. सिद्ध करून दाखव, मग बोल.”

त्या संध्याकाळी फरीदा खाजाला घेऊन माझ्या दुकानात आली. मी तिला कॅलेंडर दाखवलं. लाईट गेली की माझे इलेक्ट्रॉनिक काटे बंद पडतात, म्हणून ती वेळ मी लिहून ठेवतो. चार बाजारांत लाईट सहा वेळा गेली होती, आणि सहाही वेळा महाराज समाधीत गेले होते. लाईट आली की समाधी उतरे.

“भाऊ, हे तुम्हाला कधीपासून ठाऊक हाय?” तिने विचारलं.

“तिसऱ्या आठवड्यापासून.”

तिने कॅलेंडरवरच्या सहाही वेळांवर बोट फिरवलं. मग म्हणाली, “शिवमूर्ती म्हणेल देवाला अंधार चालत न्हाई, आणि लोक माना डोलावतील. असं काहीतरी पाहिजे की ज्याला उत्तरच नसेल.”

मागून खाजा म्हणाला, “दातेरी विळा दे त्याला.”

जे खेड्यात वाढले नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. गवत कापायचा एक विळा असतो, त्याला कंगव्यासारखे बारीक दाते असतात. ते छन्नीने एकेक पाडावे लागतात. असा विळा दगडावर कधी धरत नाहीत. धरला की दाते जातात आणि विळा मरतो. आमच्याकडं हे शेंबड्या पोरालाही कळतं. आता दाते पाडणारे हात उरलेत थोडे, त्यांत खाजा एक. एका डोळ्याने त्याने दोन दिवस बसून नव्या विळ्याला बासष्ट दाते पाडले.

बाजाराच्या दिवशी फरीदा तो विळा घेऊन रांगेत उभी राहिली. शिवमूर्ती खुलला.

“या, या. दगडवालीच आमच्या दारात आली. बघा मंडळी.”

“आले बाबा. महाराजांची नजर कुठल्या बी लोखंडाला चालते ना?”

“सुईपासून रणगाड्यापर्यंत.”

“दातेरीला बी?”

शिवमूर्ती लातूर शहरात वाढलेला. त्याने विळ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. “महाराजांना सगळं सारखंच.”

फरीदाने विळा वर धरला आणि धोंडप्पांना पुढं बोलावलं. हे ऐंशीचे गृहस्थ, गवताच्या पेंढ्या विकतात, आणि महाराजांचे पहिले भक्त. “आप्पा, तुम्ही मोजा.” धोंडप्पांनी नखाने एकेक दाता मोजला. बासष्ट. विळा फटीतून आत गेला.

भजन सुरू झालं. महाराजांनी डोळे वटारले. पाच मिनिटं झाली, सात झाली, दहा झाली. महाराजांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. इतका वेळ पापणी न लवता बसायची त्यांना सवय नव्हती. अखेर विळा बाहेर आला. आरशासारखा झळझळीत.

“मोजा आता,” फरीदा म्हणाली.

धोंडप्पांनी नख फिरवलं. पुन्हा फिरवलं. “एक बी न्हाई,” ते म्हणाले. “घासून काढले की. असा विळा दगडावर धरायचा नसतो, हे महाराजांच्या नजरेला कळलं न्हाई?”

“नजर असती तर कळलं असतं, आप्पा. दगडाला कुठून कळणार?”

पण शिवमूर्ती कच्चा गडी नव्हता. “महाराजांनी जुन्या काळाचे दाते काढून टाकले. आता त्यांची गरजच न्हाई. सपाट धार चालवून बघा, दुप्पट गवत कापाल.” आणि खरं सांगतो, दोन-चार माना डोलल्या.

तेवढ्यात केवळाबाई उठली. लंगडत, दोन माणसांचा आधार घेत पुढं आली आणि शिवमूर्तीपुढं उभी राहिली.

“माझ्या पायाचं बी तेच करून राहिलात का? गरजच न्हाई म्हणून?”

“माउली, श्रद्धा ठेव.”

“सहा बाटल्या ठेवली. बाजूला हो.”

तिने पडदा दोन्ही हातांनी धरला आणि सगळा भार टाकून ओढला. दांडीसकट खाली आला.

आत एक मोटर होती. तिच्यावर फिरणारा मोठा गोल दगड, अर्धा पाण्याच्या कुंडीत बुडालेला. कुंडीत करडं पाणी. वायर मागच्या खिडकीतून शेजारच्या गोडाऊनमध्ये गेलेली. आणि स्टुलावर प्लॅस्टिकचा एप्रन घातलेला माणूस, हातात बाटली भरायचं नरसाळं. हाच तो मेहुणा. एवढी माणसं एकदम बघून तो गडबडला आणि म्हणाला, “मला वाटलं खांडं पडलीत. खांडं काढायलाच वेळ लागला.”

कबुलीजबाब यापेक्षा स्वच्छ असू शकत नाही. पुढं कळलं ते असं. महाराजांचं नाव अमृतराव. लातूरला क्लासच्या नोट्स छापणाऱ्या छापखान्यांची कागद कापायची पाती असतात, त्यांना हे दोघं धार लावायचे. त्या पात्याला खांडं पडली, म्हणजे धारेत खाचा पडल्या, की ती घासून सपाट करायची, हेच मेहुण्याचं आयुष्यभराचं काम. विळ्याचे दाते त्याला खांडंच दिसले. त्याने इमानाने काम केलं, आणि त्या इमानदारीनेच महाराज बुडाले.

फरीदाने तिथंच मोटर चालू केली आणि एक बोथट कोयता दगडाला लावला. “बघा. दगड घासला की लोखंड तापतं. माझ्या कोरड्या दगडावर ते तापून निळं पडतं. मग त्याचा कडकपणा जातो, धार टिकत न्हाई. शाप-बीप काही न्हाई. हितं दगड पाण्यातून फिरून येतो. पाणी ताप ओढून घेतं, म्हणून ठिणगी न्हाई, म्हणून पातं गार. मशीन चांगलं हाय. माझ्यापेक्षा चांगली धार लावतं. मशीन म्हणून सांगितलं असतं तर मीच पहिली आले असते.” मग तिने कुंडीत हात घातला आणि बोटांवरचा चिखल केवळाबाईपुढं धरला. “दगडाची भुकटी, लोखंडाचा कीस आणि शंभर जणांच्या कोयत्यांची घाण. हे ओतत होतीस तू.”

केवळाबाईने त्या चिखलाकडं पाहिलं. “ऑटो बोलव,” म्हणाली.

शिवमूर्ती “धर्माच्या कामात ही बाई” असं काहीतरी सुरू करत होता. धोंडप्पांनी तो बिनदात्यांचा विळा त्याच्यापुढं धरला. “हे गवत काप आधी, मग धर्माचं सांग.” पोलीस आले, पंचनामा झाला, जादूटोणाविरोधी कायद्याचं कलम लागलं.

कुणाच्या देव्हाऱ्यात मी हात घालत नाही. एवढंच म्हणतो, कुणी चमत्कार दाखवला तर पडद्याआड वायर कुठं जाते ते बघा. लाईट गेल्यावर तो चालतो का ते बघा. आपल्या कामातला बारकावा त्याला विचारा. आणि जखमेवर ओतायला कुणी काही दिलं तर आधी त्याला म्हणा, तू पी.

फरीदाच्या सायकलवर आता सलाईनची रिकामी बाटली टांगलेली असते. केवळाबाईच्या वॉर्डातून आणलेली. तिच्यातून दगडावर थेंब थेंब पाणी पडतं, पातं निळं पडत नाही. लोक विचारतात, हे काय. ती म्हणते, पाणी. दर वीसच.

आता कुणी काय भरलं ते मांडून टाकतो. अमृतराव जामिनावर आहे. शिवमूर्ती प्लॉट विकतो म्हणे. खाजाचे दोन दिवस आणि बासष्ट दाते गेले. मला तिसऱ्या आठवड्यापासून ठाऊक होतं आणि मी चहा पीत राहिलो, ते माझ्या नावावर. आणि डाव्या पायाची दोन बोटं. ती एकट्या केवळाबाईने भरली.