सेचेलचं बदकतळं

“मिस्टर सेचेल, तुम्ही कधी राजहंस खाल्लाय का?”

इरावतीने विचारलं, आणि बांधाच्या पलीकडे दडून बसलेल्या वैभवी आणि टिलीने हसू दाबायला तोंडात मफलर कोंबले. पैज त्यांचीच होती. रीडलोडच्या शाळेत कित्येक वर्षं एक वदंता फिरत होती, की सेचेलांकडे ख्रिसमसला राजहंस शिजतो, आणि इंग्लंडात राजहंस तर सगळे राजाचे, तेव्हा हा म्हातारा एक दिवस तुरुंगात जाणार. विचारणार कोण? दोन वर्षांपूर्वीची इरावती असती तर नाहीच. ती हजेरीला ‘येस मिस’ सुद्धा अशी म्हणायची की मिस दोनदा मान वर करून बघायच्या. पण गेल्या उन्हाळ्यात तिने शाळेच्या नाटकात न्यायाधीशाचं काम केलं, स्वतःचा आवाज हॉलच्या मागच्या भिंतीवर आपटून परत आलेला ऐकला, आणि तेव्हापासून तिची जीभ टाळ्याला लागेना.

सेचेलने हातातला बोरूचा भारा खाली ठेवला. ऐंशीला टेकलेला, बांधासारखाच रुंद आणि शांत माणूस.

“राजहंस नाही. बदकसुद्धा क्वचितच.”

“पण तुमचं घराणं बदकं पकडायचं ना?”

“दोनशे वर्षं. पकडलेलं बदक हॉलवर, जमीनदाराच्या वाड्यावर, जायचं, तिथून लंडनला. आमच्या ताटात ईल मासे. ख्रिसमसला हॉलवाल्यांना आठवण झालीच, तर एक टील बदक. टील केवढं असतं माहितीय, पोरी?” त्याने मूठ वळून दाखवली. “त्यात आम्ही सात जण.” मग बांधाकडे न बघताच म्हणाला, “आणि त्या दोघींना सांग, तिथलं पाणी बुटात शिरतं.”

शिरलंच होतं. दोघी ‘शी’ करत घरी गेल्या. इरावती मात्र थांबली. सातांत एक टील कसं वाटायचं, ह्याचाच विचार तिच्या डोक्यातून जाईना.

ही गोष्ट ऑक्टोबरची. त्यानंतर तिचा एकही रविवार तळ्याशिवाय गेला नाही.

तो मुलूखच असा आहे की तिथे गेलेलं माणूस जरा झोपेत चालल्यासारखं चालतं. जमीन खाली, नदी वर. नदी बांधांच्या मधून घरांच्या छपरांच्याही वरून वाहते, त्यामुळे आपल्या डोक्यावरून एखादी होडी सरकत जाते, आणि कुणालाच त्याचं काही वाटत नाही. झाडं मोजकी. उरलेलं सगळं आकाश. पूर्वी इथे नुसती दलदल होती, आणि जे मिळेल ते पकडून जगणारी माणसं. मग मोठ्या लोकांनी कालवे काढले, पाणी उपसलं, काळी जमीन वर आली आणि ती ज्याने उपसली त्याची झाली. हॉलचे धनी तेच. त्यांनी एक तळं मात्र मुद्दाम ठेवलं, बदकांसाठी, आणि त्यावर सेचेलांना ठेवलं.

तळ्यातून चार चर निघायचे, शिंगांसारखे वळलेले. प्रत्येक चरावर कमानी आणि कमानींवर जाळं, आत जावं तसं अरुंद होत जाणारं. त्याला म्हणायचे पाइप. चराच्या कडेने बोरूच्या उंच ताट्या तिरप्या उभ्या केलेल्या, म्हणजे माणूस त्यांच्या आडून चालला तरी बदकांना दिसत नाही. दिसतो फक्त कुत्रा. तांबूस, झुपकेदार शेपटीचा, कोल्ह्यासारखा. इथल्या अशा प्रत्येक कुत्र्याचं नाव पायपरच असतं. पायपर एका ताटीआडून निघतो, दुसऱ्या ताटीआड नाहीसा होतो, आणि बदकांना राहवत नाही. हा कोण, गेला कुठे, म्हणत ती त्याच्यामागे पोहत पोहत पाइपात शिरतात.

हल्ली त्यांना मारत नाहीत. पायात नंबराचं कडं घालून, वजन करून सोडून देतात. मग ते पाखरू रशियात सापडलं की कळतं, हे रीडलोडचं. हॉलमध्ये आता लग्नं लागतात. सेचेल मात्र आहे तिथेच आहे.

“तेव्हा तुमचं काय होतं मग?” तिने एकदा विचारलं. “तळं त्यांचं, पाणी त्यांचं, बदकं त्यांची.”

“आमचं?” तो म्हणाला. “आमचं गप्प राहणं. लॉर्डसाहेब पाहुणे घेऊन बघायला यायचे. माझा बाप टोपी काढून कोपऱ्यात उभा. पण पाइपाशी आले की बाप बोट असं ओठावर ठेवायचा, आणि लॉर्डसाहेब गप्प. लॉर्डसाहेबांना गप्प करणारा सगळ्या परगण्यात एकच माणूस होता.”

इरावतीला हे इतकं आवडलं की ती आठवडाभर बसमध्ये ओठावर बोट ठेवून बसली. “काय गं, आता आम्हालापण गप्प करणार का?” वैभवी म्हणाली. “आधी तू स्वतः करून दाखव. पाच मिनिटं. मी टाइम लावते.”

जानेवारीत दोन गोष्टी झाल्या. केंब्रिजच्या एका मोठ्या खासगी शाळेतून पत्र आलं, की सिक्स्थ फॉर्मसाठी, म्हणजे अकरावी-बारावीसाठी, इरावतीला जागा आहे, तिथेच राहायचं, होकार सोमवारपर्यंत कळवावा. आईबाबा दोघंही डॉक्टर, दोघंही एकाच हॉस्पिटलमध्ये. बाबांनी ते पत्र फ्रिजवर लावलं आणि येताजाता वाचलं. “तिथून डायरेक्ट मेडिसिन, इरा,” ते म्हणायचे. “इथे चिखलात काय ठेवलंय?”

आणि सेचेल बर्फावरून पडला. हाड वाचलं, गुडघा गेला. पाखरांच्या पायात कडी घालणाऱ्या मंडळाची माणसं येऊन सांगून गेली, की एकट्याने आता तळं चालवता येणार नाही. फेब्रुवारीअखेर कायमचं दुसरं माणूस मिळालं तर ठीक, नाहीतर जाळी उतरवू. सेचेलने हे इरावतीला सांगितलंच नाही. तिने टिलीच्या आजोबांकडून ऐकलं आणि तिला त्याचा राग आला.

“मला का नाही सांगितलंत?”

“तू जाणार आहेस,” तो म्हणाला. “जाणाऱ्याला असलं काही सांगू नये. रविवारी पाइप तू चालव. एकदा तरी.”

त्या रविवारी पहाट होऊन गेली होती, पण उजाडलंय असं म्हणवत नव्हतं. धुक्याने तळं, आकाश आणि बांध एकत्र कालवून टाकले होते. कुठूनतरी टीलांच्या बारीक शिट्ट्या येत होत्या, जणू धुकंच शीळ घालतंय. सेचेल काठी टेकून लांब उभा राहिला. इरावती ताटीआड सरकली, पायपरला हात केला, आणि सबंध तळं फडफडून उठलं. दोनशे पाखरं एका क्षणात गेली. वर काळा ढग, खाली हलणारं पाणी.

सेचेल हळूहळू आला. त्याने हवा हुंगली.

“केकसारखा वास कसला येतोय?”

इरावतीचा हात वेणीकडे गेला. शनिवारची रात्र, आईने नेहमीसारखं खोबरेल चोपडलं होतं, या वेळी जरा जास्तच. आणि वारा होता पाइपाच्या टोकाकडून तळ्याकडे, तो तसाच लागतो, कारण बदक वाऱ्याकडे तोंड करूनच उडतं. माणसाचा वास त्यांच्यापर्यंत जाऊ नये म्हणून तर सेचेल तोंडाशी पीटचं ढेकूळ धुमसत धरायचा. पीट म्हणजे इथली काळी, जळणारी माती. एवढ्याशा धुरात श्वास लपतो. आख्खं खोबरेल लपत नाही.

“सॉरी,” ती म्हणाली. डोळे भरून आले होते आणि तिला ते मुळीच भरायला नको होते.

“माझ्या पहिल्या वेळी मला शिंक आली,” सेचेल म्हणाला. “बापाने आठवडाभर तोंड बघितलं नाही. बस. येतील ती.”

त्याने आपली लोकरी टोपी तिच्या केसांवर कानापर्यंत ओढली, वर स्वतःचा मफलर गुंडाळला, आणि धुमसतं ढेकूळ चिमट्यात धरून तिच्या हातात दिलं. तास गेला असेल, की दोन. पायाची बोटं कुणा दुसऱ्याची वाटायला लागली. इरावती, जी बसमध्ये दोन स्टॉपसुद्धा गप्प बसत नसे, एक शब्द बोलली नाही. बोलावंसंच वाटेना. धूर नाकासमोरून जात होता, जुन्या पावसासारखा आणि जळक्या मुळांसारखा वास, आणि तिला वाटलं आपण कुठे संपतो आणि धुकं कुठे सुरू होतं ते नीटसं ठरलेलं नाही.

मग शिट्ट्या परत आल्या.

पायपर निघाला, नाहीसा झाला. पुन्हा निघाला. तीन टील वळली, मग नऊ. त्यांच्या डोळ्यांवरचे हिरवे पट्टे तिला स्पष्ट दिसत होते. ती आत आली, अजून आत. आता सेचेलने शिकवलेलं एकच काम उरलं होतं. मागे जाऊन चराच्या तोंडाशी, ताट्यांच्या मधल्या फटीत उभं राहायचं. ओरडायचं नाही, धावायचं नाही. फक्त दिसायचं, आतल्या पाखरांना तेवढं. बाहेरच्या तळ्याला पत्ताही लागू द्यायचा नाही.

ती उभी राहिली. पूर्ण उंचीने.

नऊही टील वाऱ्याकडे तोंड करून उठली आणि वळण घेत जाळ्याच्या टोकाला गेली. मागे तळ्यावरची दीडशे पाखरं तशीच झोपेत डुलत राहिली.

कडं घालताना टीलचं काळीज तिच्या तळव्यात धडधडत होतं. सात जणांत हे एवढंसं. तिने हात उघडला. टील क्षणभर तिथेच बसून राहिलं आणि मग धुक्यात गेलं.

सेचेलने काठी उचलली. थांब म्हणाला नाही, जा म्हणाला नाही. तिला ते कळत होतं, तो मुद्दामच गप्प आहे.

घरी पोचली तेव्हा जेवणाची पानं मांडली होती. आईने तिला दारातच थांबवलं. “काय वास येतोय तुला, इरा. आधी अंघोळ.”

“आणि मग तो मेल पाठवून टाकू,” बाबा वरण वाढता वाढता म्हणाले. “उद्यापर्यंत कशाला थांबायचं?”

“बाबा, एक मिनिट.”

“जेवताना बोल की.”

“नाही, आत्ता.” ती बसली नाही. आवाज नाटकातला नव्हता, हळू होता, पण आईने हातातली पोळी खाली ठेवली. “मी केंब्रिजला जाणार नाहीये. सिक्स्थ फॉर्म इथलाच, रोज बसने. डॉक्टर व्हायचंय की नाही ते मला अजून माहीत नाही, कळलं की तुम्हाला पहिलं सांगीन. पण सेचेलच्या तळ्याला दुसरं माणूस लागतं, ते मी आहे. मघाशी येताना मंडळाला फोन करून मी माझं नाव दिलंय. मी सोळा वर्षांची आहे म्हणून तुमची सही लागेल, आणि ती मला आज हवीय.”