नळाच्या आवाजाआड

सिंगापूरच्या पासिर रिस भागातल्या त्या फ्लॅटमध्ये खोकायची जागा ठरलेली होती. बाथरूममध्ये जायचं, नळ सोडायचा आणि मग खोकायचं. अहो, खोकला काय झाकून ठेवायची वस्तू आहे? पण शैलाताईंनी चार महिने तो झाकला. मुलगा प्रताप जहाजदुरुस्तीच्या कामावर, सून स्मिता ऑफिसात. पाच वर्षांची इरा आजीच्याच कुशीत झोपायची. आणि आजीच्या व्हिजिट पासची, म्हणजे तिथे राहायच्या परवान्याची, मुदत संपत आली होती.

"आई, पास रिन्यू होईपर्यंत डॉक्टर नको हं. छातीत काही निघालं तर परत पाठवतील," प्रताप म्हणाला होता. ओळखीचे सगळे हेच सांगत. चिपळूणहून येणाऱ्यांच्या बॅगेतून, चकल्यांच्या डब्याखालून खोकल्याचं औषध यायचं. शैलाताई ते मुकाट्याने घ्यायच्या. तिकडे कुलूपबंद घराशिवाय त्यांचं होतं कोण?

मग इराला ताप आला, तो उतरेचना. पोर ग्लानीत गेली तेव्हा हॉस्पिटल गाठलं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, घरात कुणाला बरेच दिवस खोकला आहे का? प्रताप चटकन "नो" म्हणाला. शेजारी उभ्या शैलाताईंना एवढं इंग्रजी कळत होतं. त्यांनी पदर तोंडाशी धरला.

चार दिवस धरला. पाचव्या दिवशी इराने आजीला ओळखलं नाही, तशा त्या तडक डॉक्टरीणबाईंपुढे गेल्या.

"आई, गप्प बस! पास जाईल!"

"जळो मेला तो पास!" त्या बाईंकडे वळल्या. "डॉक्टर, आय कफ. फोर मंथ्स. सन टोल्ड लाय. मी पण."

क्षयच होता, इराच्या मेंदूपर्यंत पोचलेला. त्याच दुपारी औषध सुरू झालं. "पहिल्याच दिवशी कळलं असतं तर..." एवढंच बाई बोलल्या. नवव्या दिवशी इरा गेली.

आजारी माणसाला हाकलायची भीती घालून कुठला आजार सीमेबाहेर राहतो? तो घरातच दबा धरून बसतो, आणि पहिला घास लेकराचा घेतो.

शैलाताईंचे उपचार सुरू आहेत. पासचं काय होणार, ठाऊक नाही. परवा सांत्वनाला सिंगापुरातल्याच ओळखीच्या ऋचाचा फोन आला. बोलता बोलता तिच्यामागे नळ सुटला, आणि बराच वेळ वाहत राहिला.

"ऋचा, आत कोण आहे गं?"

"सासरे. ॲलर्जी आहे त्यांना, काकू..."

"तुझी लेक, किमया, कुणाजवळ झोपते?"

पलीकडे नळ अजून वाहतच होता.

"ऊठ बाई. तो नळ बंद कर आणि आत्ताच्या आत्ता त्यांना डॉक्टरकडे ने."