शिव्या देणारी गॅलरी

“दादा, कुठं चुकलो?”

पोरवयातला तो आवाज दादांच्या कानात अजून तसाच होता. दुकानामागच्या अंगणात उताणा टाकलेला एक मोडका सोफा, त्याच्या दोन पायांमधला गोल, आणि उरल्यासुरल्या रेक्झिनच्या तुकड्यांत काथ्या भरून शिवलेला चेंडू. धाकट्यानं लांबून मारलेला तो चेंडू पायांना न शिवता आत गेला होता. दुसरं पोर असतं तर नाचलं असतं, बघितलंस का म्हणून ओरडलं असतं. हा वळला, गुडघ्याची माती झटकली आणि दादा, कुठं चुकलो, म्हणून विचारत उभा राहिला.

दादांनी गादीच्या कडेतून सुतळी ओढता ओढता सांगितलं होतं, “मारताना मान खाली घालतोस. चेंडू काय पळून जाणारे?”

वडील गेले तेव्हा सोफे-गाद्यांचं दुकान आणि धाकटा, दोन्ही दादांच्या पदरात पडले. दुकान वाढलं नाही, धाकटा वाढला. मिसरूड फुटायच्या आत तो फुटबॉलच्या क्लबात गेला आणि मग लोकांनी त्याचं घरचं नाव विसरूनच टाकलं. समोर बचावाची फळी कितीही दाट उभी असो, जाड कापडातून सुई जावी तसा तो आरपार जाई, आणि लोकांची मान वळेपर्यंत मागं गोलाचा टाका पडलेला असे. गोलच्या मागच्या गॅलरीनं त्याचं नाव ठेवलं सुई. लाथ मारीन तिथं पाणी काढीन, असं माणसं बोलतात. या गॅलरीनं ते दर रविवारी बघितलं.

त्या गॅलरीचा एक नियम होता. कुणी घातला, कधी घातला, कुणालाच ठाऊक नव्हतं, पण मोडायची कुणाची छाती नव्हती. आपल्या माणसाचं कौतुक करायचं नाही. कौतुक केलं की नजर लागते, आणि पुढचा चेंडू बारवरून थेट रस्त्यावर. म्हणून जितकी माया जास्त, तितकी शिवी कडक. सुईनं गोल मारला की सगळी गॅलरी टाळ्यांवर गायची:

सुई बाई सुई, गंजून गेली,
कापड राहिलं, बोटात शिरली!

पाहुण्या टीमची माणसं चक्रावून जात. एकदा एका बड्या क्लबाचे साहेब खास दुकानात येऊन बसले. “मी कानांनी ऐकलं,” ते कळवळून म्हणाले, “इथं तुमचे फार हाल चाललेत. आमच्याकडे या. लोक फुलं उधळतील तुमच्यावर.”

“फुलांवर पाय घसरतो, साहेब,” धाकटा म्हणाला, आणि दादांनी तोंड फिरवून हातोडी उचलली, कारण हसू आवरेना.

गॅलरीत सगळ्यात मोठा आवाज होता भोंग्याचा. तो बसचा ड्रायव्हर. त्याच्या बसचा हॉर्न बंद पडला तरी चालायचं, तो खिडकीतून ओरडायचा. पण सगळ्यात झोंबणारा आवाज दादांचा. “अरे ए आंधळ्या, तो उजवा कोपरा काय तुझ्या सासऱ्यानं राखून ठेवलाय?” असं दादा ओरडले की लोक हसत, आणि धाकटा मान वर करून बघे. उजवा कोपरा खरंच रिकामा असे. पुढं काय व्हायचं ते गोलकीपरला जाळीतून चेंडू काढताना समजे.

मॅच झाली की धाकटा घरी येई, पाय धुई, आणि ताटावर बसायच्या आधी तोच प्रश्न. दादा बोटांवर मोजून चुका सांगत. वहिनी वाढता वाढता म्हणे, “अहो, गोल मारून आलाय तो. घास तरी गिळू द्या.”

“घशात घास असला की कान उघडे असतात,” दादा म्हणत.

नियम मोडला तो एकदाच, आणि मोडणारा गावात नवा होता. शाळेत भूगोल शिकवायला बदलून आलेले मास्तर, आयुष्यात पहिल्यांदा गॅलरीत उभे. त्या दिवशी सुईनं अर्ध्या मैदानातून चेंडू आणला, एकाला डावीकडं झुकवलं, दुसऱ्याला उजवीकडं, गोलकीपरला खाली बसवलं, आणि चेंडू असा सावकाश आत ढकलला, जणू झोपलेलं मूल पाळण्यात ठेवतोय. मास्तरांना राहवलं नाही. दोन्ही हात वर करून ते ओरडले, “वा, वा! अप्रतिम!”

अख्खी गॅलरी गार पडली. भोंगासुद्धा. आणि खेळ पुन्हा सुरू होतो न होतो तोच धाकटा पडला. गुडघ्याचा आवाज गॅलरीपर्यंत आला, असं लोक अजून सांगतात. स्ट्रेचरवरून गेलेला नऊ नंबर पुन्हा मैदानात उतरला नाही.

मास्तरांनी त्यानंतर मैदानाकडं फिरकणं सोडलं. वाट बदलून शाळेत जाऊ लागले. शेवटी दादाच त्यांच्या खोलीवर गेले. मास्तर उठून उभे राहिले. बहुतेक मार खायच्या तयारीनं.

“चला,” दादा म्हणाले. “रविवारी मॅच आहे. तुम्हाला शिव्या शिकवतो.”

मास्तर शिकले, पण व्याकरणशुद्ध शिव्या देत. “अहो, आपण अत्यंत निरुपयोगी आहात!” गॅलरीला ते इतकं आवडलं, की पुढं चार पोरांनी तेच सुरू केलं.

गुडघा गेला, पण नजर होती तशीच तीक्ष्ण राहिली. टीव्हीवाल्यांनी धाकट्याला माइकसमोर बसवलं, आणि थोड्याच दिवसांत देशभर लोक चित्र बघण्याआधी त्याचा आवाज ऐकू लागले. बाकीचे कॉमेंट्रीवाले झालेलं सांगत. हा होणारं सांगे. “आता हा थांबेल बघा… थांबला. आता मागून एक जण येईल, तो कुणाला दिसलेला नाही…” आणि तो खरंच येई. ज्या पोरांनी त्याला खेळताना बघितलंच नव्हतं, ती गल्लीत खेळताना त्याच्या आवाजात बोलत पळत.

जुनी गॅलरी पाडून तिथं खुर्च्या आल्या, जिने उंच झाले, आणि जुन्या माणसांचे गुडघे बोलू लागले. तेव्हा गॅलरी दादांच्या दुकानात आली. दुरुस्तीला आलेल्या सोफ्यांवर, खुर्च्यांवर, अर्धवट भरलेल्या गाद्यांवर माणसं बसत. “तिकडं नको, स्प्रिंग वर आलीय,” असं वहिनी नव्या माणसाला सांगे, पण तिचं बोलणं पुरं व्हायच्या आत जुनी माणसं त्याला तिथंच बसवत. नियम मात्र तोच. धाकट्यानं एखादं फार सुंदर वाक्य टाकलं की दादा म्हणत, “बडबड्या. लहानपणी दूध पितानासुद्धा गप्प बसत नव्हता.”

“आता कसली हो नजर?” वहिनीनं एकदा विचारलं होतं. “आता काय पाय मोडणारे?”

“पायाच्या जागी जीभ आली. तिला हाडसुद्धा नाही.”

आणि मॅच संपली की दुकानातला फोन वाजे. धाकटा कुठल्याही शहरात असो, कितीही दमलेला असो. “दादा, कुठं चुकलो?”

आज तो फोन येणार नव्हता. धाकट्याची ही माइकवरची शेवटची मॅच, आणि ती नेमकी घरच्या मैदानावर. संपली की तो स्वतःच येणार होता. आज विचारील तो शेवटचं. माइक खाली ठेवल्यावर माणूस चुकणार कुठं आणि विचारणार काय?

सकाळी शटर उघडताना वहिनीनं दादांना अडवलं. “आज तरी बोलणार आहात ना?”

“काय बोलायचं?”

“ते तुम्हाला ठाऊक. आयुष्यभर वाट बघतोय तो.”

“त्याला सगळं कळतं. न बोलता कळतं.”

“कळतं हो,” वहिनी म्हणाली. “पोट भरलंय हे माणसाला कळतंच. तरी कुणीतरी ‘जेवलास का’ विचारावं लागतं.”

दिवसभर दादांनी एका खुर्चीची पाठ शिवली, आणि संध्याकाळी बघितलं तर सगळे टाके तिरपे गेलेले. उसवून ठेवली.

मॅचच्या वेळी दुकान भरून गेलं. खिडकीला फोमच्या लाद्या लावल्या, शटर अर्धं खाली ओढलं. नाहीतर जवळच्याच मैदानावरची आरोळी आधी कानावर येते आणि काही क्षण मागं चालणाऱ्या टीव्हीवर चेंडू अजून मधल्या रेघेवरच असतो. पण इतक्या माणसांची आरोळी लादीला दाद देत नाही. दुसऱ्या अर्ध्यात लाद्या थरथरल्या, शटर वाजलं, आणि सगळ्यांना कळलं की गोल झाला. टीव्हीत मात्र आपला स्ट्रायकर अजून चेंडू पायाखाली घेऊन उभा. आणि धाकट्याचा आवाज आला, शांत, जणू शेजारी बसून बोलतोय: “गोलकीपरचं सगळं वजन डाव्या पायावर आहे. उजवा कोपरा रिकामा आहे, बाळा. घे तो.”

चेंडू उजव्या कोपऱ्यात गेला.

“मैदानाला कळलं, मग आपल्याला कळलं,” मास्तर हळूच म्हणाले, “पण याला त्या चेंडूच्याही आधी कळलं होतं.”

“मास्तर,” भोंग्यानं बोट दाखवलं, “सांभाळा हं. तुमचा पूर्वइतिहास बरा नाही.”

दुकान हसलं. दादाही हसले.

शेवटची शिट्टी झाली. धाकट्याच्या जोडीदारानं माइकवरून मोठं भाषण सुरू केलं. सुवर्णयुग, पर्व, पिढ्या… धाकट्यानं त्याला मध्येच थांबवलं. “पुरे रे. माझं बोलून झालं. आता घरी जातो. तिकडं माझ्या शिव्या थंड होतायत.”

माणसांना हसावं की डोळे पुसावेत कळेना. अंगावर मूठभर मांस चढावं तशी सगळी फुगून बसली होती. देशभरात ऐकलं गेलेलं ते वाक्य खरं म्हणजे या खोलीला उद्देशून होतं, हे फक्त या खोलीलाच ठाऊक होतं.

मग रस्त्याच्या टोकाकडून गाणं ऐकू येऊ लागलं. मैदानातून बाहेर पडलेली माणसं त्याच्या मागून गात येत होती. ज्यांच्या आयांनी त्याला खेळताना बघितलं होतं, ती पोरंपोरी टाळ्या वाजवत होती. सुई बाई सुई, गंजून गेली. धाकटा गुडघा सांभाळत, पाय थोडा ओढत येत होता, आणि इतका ताठ चालत होता की गुडघ्याकडं कुणाचं लक्ष जाऊ नये.

शटरखालून वाकून तो आत आला. केस पांढरे, गळ्यात मफलर. “कुठं बसू?” म्हणाला, आणि भोंग्यानं तत्परतेनं दाखवलेली जागा सोडून दुसरीकडं बसला. “मी याच दुकानात वाढलोय, भोंग्या. ती स्प्रिंग कुठली, मला बघून कळतं.”

वहिनीनं पाणी दिलं. तो एका दमात प्यायला, तोंड पुसलं, आणि मोठ्या भावाकडं वळला.

“दादा, कुठं चुकलो?”

बाहेरची टाळी विरली.

“पहिल्या अर्ध्यात,” दादा म्हणाले, “सात नंबरला अकरा नंबर म्हणालास.”

“म्हणालो. चष्मा पुसत होतो. आणि?”

“जोडीदाराचं बोलणं तोडलंस. बरं दिसत नाही.”

“तोडलं. आणि?”

दादांनी तिसरं बोट पुढं केलं. ते तसंच राहिलं. धाकटा वाट बघत होता. मास्तरांनी मान खाली घातली होती. वहिनी रिकामा पेला हातात घेऊन उभी होती. दादांनी ते बोट हळूच मिटलं.

“आणि काही नाही,” ते म्हणाले. “नाही चुकलास.”

दादांनी घसा खाकरला. गोलमागून अख्ख्या मैदानाला ऐकू जाणारा तो आवाज आता जेमतेम खोलीपुरता निघत होता.

“तू बाहेरगावी खेळायचास, तेव्हा गॅलरीबरोबर मीही यायचो. ठाऊक आहे ना?”

“यायचास. पण तुझी शिवी कधी ऐकू नाही आली तिथं. मला वाटायचं, परक्या मैदानात आवाज पोचत नाही.”

“तरी म्हटलं,” भोंगा पुटपुटला, “आम्हाला बसस्टँडवर सोडून हा जातो कुठं.”

“त्यांच्या गॅलरीत,” दादा म्हणाले. “त्यांच्या माणसांत जाऊन उभा राहायचो. तिथं आपला नियम नव्हता. तिथं मला कुणी ओळखत नव्हतं. तुझ्या पायाशी चेंडू आला की शेजारच्या परक्या माणसाला कोपरानं ढोसायचो. म्हणायचो, तो नऊ नंबर बघा. आता बघत राहा. असा खेळ तुम्ही बघितला नसेल, आणि पुन्हा बघायला मिळणार नाही. ती माणसं माझ्यावर चिडायची. एकानं तर विचारलं, तू आमचा की त्यांचा?”

दादा थांबले. मग धाकट्याच्या डोळ्यांत बघून, आजवर फक्त परक्यांना सांगितलेलं त्यांनी त्यालाच सांगितलं.

“मी म्हणालो, मी कुणाचा नाही. मी त्याचा भाऊ आहे.”