गिरणीच्या डोहातला मोठा मासा

टॉर्लाइव्हने तो मासा काढला आणि दुसऱ्याच दिवशी नदी बंद झाली. राजधानीतून हुकूम आला की यंदा समुद्रातून सॅमन परतलेलेच नाहीत. जे थोडे आलेत त्यांना सुखाने अंडी घालू द्या, गळ गुंडाळून ठेवा. ऐन जूनमध्ये, हंगाम नुकता रंगात येत असताना, एल्ड्रा नदीच्या काठाने पाट्या ठोकल्या गेल्या. त्यामुळे जुन्या गिरणीखालच्या डोहातून निघालेला तो तेरा किलोंचा सॅमन त्या वर्षाचा शेवटचा मासा ठरला.

टॉर्लाइव्ह तेव्हा ब्याऐंशी वर्षांचा होता. तीस वर्षं त्याने खाडीत फेरीबोट चालवली होती आणि निवृत्तीनंतर नदीकाठच्या जमीनमालकांच्या संघाचं अध्यक्षपद घेतलं होतं. गेल्या नऊ वर्षांत त्याला दहा किलोंवरचा मासा लागला नव्हता. हा लागला तेव्हा दीड तास झुंजला. गुडघे दुखत असताना म्हातारा कमरेएवढ्या पाण्यात उभा राहिला, पण गळाची काठी दुसऱ्याच्या हातात दिली नाही. जिल्ह्याच्या वर्तमानपत्रात फोटो आला: दगडावर बसलेला टॉर्लाइव्ह, मांडीवर आडवा मासा आणि चेहऱ्यावर हसू. स्कारवीक गावाला फोटोतल्या माशापेक्षा त्या हसण्याचंच जास्त नवल वाटलं.

त्याची मुलगी टुरिड गावच्या शाळेत शिकवायची. वीस वर्षं संघाचं एक काम ती बिनबोभाट करत आली होती. एल्ड्रातून मासा काढणाऱ्याने त्याच्या पाठीवरचे पाच-सहा खवले खरवडून कागदी पाकिटात घालायचे, वर वजन, लांबी आणि डोहाचं नाव लिहायचं. सुट्टीत टुरिड ते खवले सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून वाचायची. झाडाच्या खोडात असतात तशी खवल्यातही वर्तुळं असतात. नदीत काढलेली बालपणाची तीन-चार वर्षं अगदी मधोमध, एकमेकांना चिकटलेल्या बारीक रेघांची. मग समुद्रातली ऐसपैस वर्षं, मधूनमधून हिवाळ्याचा आवळलेला पट्टा. माशाचं सगळं आयुष्य तिथं लिहिलेलं.

पूर्वी तीनशे पाकिटं यायची. यंदा अडतीस आली. बाबाचं पाकीट तिने, जेवणात गोड शेवटी राखून ठेवावं तसं, मागे ठेवलं होतं.

ऑगस्टच्या सुरुवातीच्या एका दुपारी तिने ते उघडलं. पहिला खवला पाहिला, भिंग पुसलं, पुन्हा पाहिला. मधोमध नदी नव्हतीच. बारीक रेघा नाहीत, उपासमारीचे हिवाळे नाहीत. सुरुवातीपासून रुंद, एकसारखी वर्तुळं, जणू कुणी वेळेवर ताट वाढत होतं; फक्त अगदी बाहेरच्या कडेला हिवाळ्याचे दोन आवळलेले पट्टे. हा मासा टाकीत जन्मला होता, खाडीतल्या जाळीच्या पिंजऱ्यात वाढला होता आणि तिथून निसटला होता. तिने पाचही खवले तपासले. पाचांनी तेच सांगितलं.

मग तिला माशाची शेपूट आठवली. कडा जराशा गोलसर होत्या, जाळीला घासून झिजल्यासारख्या. फोटो काढताना तिने ते पाहिलं होतं, आणि पाहिलं नाही असं स्वतःलाच बजावलं होतं.

एरवी तिने वहीत एक शब्द लिहिला असता आणि पाकीट बंद केलं असतं. पण ऑगस्टच्या शेवटी सभा होती. खाडीच्या तोंडाशी आणखी आठ पिंजरे टाकायला मासे पाळणाऱ्या कंपनीने परवानगी मागितली होती आणि पंचायत त्याआधी गावाचं म्हणणं ऐकणार होती. टॉर्लाइव्ह तो फोटो मोठा करून घेऊन जाणार होता. 'हा बघा एल्ड्राचा मासा, याला तुम्ही मारायला निघालात,' असं भाषण त्याने तयार केलं होतं आणि येईल त्याला ऐकवत होता.

तिचा धाकटा भाऊ स्टाइनार याच कंपनीच्या पिंजऱ्यांवर पाळीप्रमुख होता. बापलेक दर रविवारी एका टेबलावर उकडलेले बटाटे आणि मासे खात, आणि हवामानाखेरीज दुसऱ्या कशावर बोलत नसत.

दोन दिवस टुरिडने कळ काढली. तिसऱ्या दिवशी ती कंपनीच्या धक्क्यावर गेली. स्टाइनार उलट्या बादलीवर बसून डबा खात होता.

"काय गं, शत्रूच्या गोटात?" तो म्हणाला. "अध्यक्षांना विचारून आलीस ना?"

"त्यांच्याचबद्दल आलेय." तिने खवल्यांचं सांगितलं.

स्टाइनारने हातातली भाकरी डब्यात ठेवली. "आमच्याच पिंजऱ्यातला कशावरून? खाडीत तीन कंपन्या आहेत."

"मी कुठं म्हटलं तुमच्याच? पण समुद्रातले दोन हिवाळे आहेत त्याच्या अंगावर. म्हणजे सुटला तो दोन वर्षांपूर्वी, हिवाळ्याच्या आधी. त्या नोव्हेंबरात वादळ झालं होतं."

त्याने धक्क्यावर इकडेतिकडे पाहिलं. मग खालच्या आवाजात म्हणाला, "सहा नंबरच्या जाळीला भोक पडलं होतं. दरवाजाएवढं. मी कळवलं. कार्यालयाने म्हटलं, मासे आत खोल होते, एकही गेला नसणार. कागदावर तसंच लिहिलं. कापणीला चार हजार कमी भरले, तेव्हा म्हणाले मेलेल्यांची मोजणी चुकली असेल."

"आणि तू?"

"मी सही केली."

त्यानेच पुढं सुरू केलं, "तुझ्या शाळेत पोरं किती? एकवीस. त्यातली चौदा आमच्या पगारावर या गावात टिकलीत. पिंजरे गेले तर तू कुणाला शिकवणार, बगळ्यांना? बाबाला हे दिसत नाही. त्याच्या लेखी मी नदीला विष घालणारा."

"तो असं कधी म्हणाला?"

"म्हणत नाही तेच तर. बटाटे पुढं सरकवतो." त्याने डब्याचं झाकण लावलं. "वहीत लिहायचंच असेल तर सभा झाल्यावर लिही. तीन आठवड्यांनी काय बिघडणार आहे? त्याचं भाषण होऊ दे. तोही खूश, मीही सुटलो."

घरी परतताना टुरिडला ते पटत चाललं होतं, आणि याच गोष्टीची तिला भीती वाटली. खरं सांगितलं तर वडिलांचीच बाजू भक्कम होत होती. पिंजरे फुटतात याचा याहून मोठा पुरावा कुठला? पण तो पुरावा फोटोत त्यांच्याच मांडीवर पडला होता आणि ते हसत होते. आणि झाकून ठेवलं तर वडील भर सभेत, नकळत का होईना, खोटं बोलणार होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती सूक्ष्मदर्शक घेऊनच वडिलांकडे गेली. टॉर्लाइव्हने कॉफी ओतली, तपकिरी चीज कापलं आणि भाषणाचा कागद पुढं केला. "ऐक. शेवट बदललाय मी."

"आधी हे बघ बाबा."

तिने दोन खवले शेजारी शेजारी ठेवले, एक नदीच्या माशाचा आणि एक त्याच्या. म्हातारा वाकून बघत राहिला. समजावून सांगायची गरज नव्हती. वर्तुळं वाचायला टुरिडला त्यानेच शिकवलं होतं, ती दहा वर्षांची असताना, साध्या भिंगाखाली.

"पाकीट बदललं असेल," तो म्हणाला.

"तुझंच अक्षर आहे त्याच्यावर."

"दीड तास झुंजला तो. पिंजऱ्यातला मासा दीड तास झुंजत नाही. दहा मिनिटांत पोट वर करतो."

"बाहेरची वर्तुळं बघ ना. दोन वर्षं तो समुद्रात स्वतःच्या हिमतीवर जगलाय. ते खरं आहे."

"आणि आतलं?"

"आतलं आपल्या नदीचं नाही."

टॉर्लाइव्हने चष्मा काढला. "तू जा आता," तो म्हणाला. रागावून नव्हे. ती दारापर्यंत पोचल्यावर त्याने विचारलं, "स्टाइनारला ठाऊक आहे?"

"हो."

"माझ्याआधी?"

तिने दार ओढून घेतलं. तीन रविवार त्या घरात जेवण झालं नाही. टॉर्लाइव्हने निरोप पाठवला की पोट बरं नाही. टुरिडने वहीत 'पिंजऱ्यातला' असं लिहिलं, तारीख घातली आणि वही संघाच्या कपाटात ठेवली. ती कुणी उघडली नाही.

सभेला सगळं गाव लोटलं. कंपनीची बाई बाहेरून आली होती. तिने पडद्यावर पगार, कर, नवी बालवाडी असं सगळं दाखवलं. तिचं काही खोटं नव्हतं. मग पिंजऱ्यांतून नदीच्या माशांना लागणाऱ्या समुद्री उवांवरून वाद झाला, एकाने दुसऱ्याचा आजोबा काढला, आणि पंचायतीच्या अध्यक्ष बाईंनी टॉर्लाइव्हचं नाव पुकारलं.

तो फोटो घेऊन उठला. टुरिडने मान खाली घातली. आता तो भाषण वाचणार, तिला वाटलं, आणि मी इथं बसून ऐकणार.

"हा फोटो तुम्ही पाहिलाय," टॉर्लाइव्ह म्हणाला. "गेली चाळीस वर्षं मी सांगत आलो की डोळे बांधा, नुसता हात फिरवून मी नदीचा मासा कुठला आणि पिंजऱ्याचा कुठला ते सांगेन. हा मासा दीड तास माझ्या हातात होता. नंतर मी त्याला साफ केला, धूर दिला, तुमच्यातल्या निम्म्यांना खायलाही घातला. हा पिंजऱ्यातला होता. मला कळलं नाही. माझ्या मुलीने खवले वाचले तेव्हा कळलं."

सभागृहात कुणीतरी खोकलं.

"मी चिडलो होतो. मला वाटलं, आपलं हसं होणार. मग विचार केला की मला जे कळलं नाही ते नदीतल्या माद्यांना कसं कळणार? त्या याच्याशी जोडी जमवतील. पोरं होतील, ती दिसायला आपली, पण समुद्रात गेली की टिकणार नाहीत. अशी दहा-वीस वर्षं गेली की नदीत मासे असतील आणि एल्ड्राचा मासा नसेल, आणि कुणाच्या लक्षातही यायचं नाही. माझं म्हणणं एवढंच. पिंजरे नकोत असं मी म्हणत नाही. माझा मुलगा तिथं काम करतो आणि चांगलं करतो. पण फुटणारे नकोत."

तो खाली बसला. कंपनीची बाई माईककडे वळली. एक मासा कुठूनही येऊ शकतो, ती शांतपणे म्हणाली. आमच्या नोंदींनुसार या खाडीत पाच वर्षांत एकही मासा सुटलेला नाही.

स्टाइनार शेवटच्या रांगेत, भिंतीला टेकून उभा होता. त्याने हात वर केला नाही, तसाच बोलला. "ती नोंद माझ्या सहीची आहे. ती बरोबर नाही."

मग त्याने धक्क्यावर सांगितलेलं सगळं सांगितलं, दरवाजाएवढ्या भोकापासून कमी भरलेल्या चार हजारांपर्यंत. आवाज इतका सपाट होता की एखादा हवामानाचा अंदाज वाचतोय असं वाटावं. बोलून झाल्यावर तो बाहेर निघून गेला आणि त्याच्या मागे दार हळूच मिटलं.

आठ पिंजऱ्यांचा निर्णय पंचायतीने पुढं ढकलला. कंपनीने वसंतात नवा अर्ज आणायचं ठरवलं; या वेळी निदान अर्धे पिंजरे जाळीऐवजी बंद टाक्यांचे असतील, असं म्हणाली. स्टाइनारचं पाळीप्रमुखपद काढून घेतलं, नोकरी मात्र गेली नाही; खोट्या नोंदीची सरकारी चौकशी चालू असताना त्याला काढणं बरं दिसलं नसतं. गावात काही जण त्याच्याशी बोलेनासे झाले. दुकानात एका बाईने टुरिडला तोंडावर सुनावलं, "तुझ्या त्या खवल्यांपायी माझा नवरा घरी बसला तर पोरांना घेऊन तुझ्याच दारात येईन." टुरिड म्हणाली, "ये." दुसरं काय म्हणणार? त्या बाईचा मुलगा तिच्याच वर्गात होता, आणि हुशार होता.

ऑक्टोबरात नदीतले मासे मोजायचे होते. दर वर्षी टुरिड रबरी पोशाख घालून, तोंडाला नळी लावून प्रवाहाबरोबर खाली वाहत यायची, आणि टॉर्लाइव्ह काठाकाठाने वही घेऊन चालायचा. त्या दिवशी ती वरच्या पुलाशी पोचली तेव्हा स्टाइनार तिथं आधीच उभा होता, रबरी पोशाखात, हातात भाला. पिंजऱ्यातले मासे ओळखून टिपायला दर वर्षी शहरातून माणूस येई.

"शहरातल्याला निरोप दिलाय," तो म्हणाला. "पिंजऱ्यातला मासा माझ्याइतका कुणी जवळून पाहिलाय?"

पाणी हाडं गोठवणारं होतं. चार तासांत तिघांनी पाच किलोमीटर नदी उतरली. टुरिड डोकं वर काढून आकडा ओरडायची, म्हातारा तो लिहायचा आणि पुढं चालायचा. नदीचे त्रेचाळीस. पिंजऱ्याचे सात, त्यातले पाच स्टाइनारने टिपले आणि काठावर ओळीने ठेवले. आदल्या वर्षी नदीचे एकसष्ट होते.

शेवटी तिघं दगडावर बसले. टॉर्लाइव्हने थर्मासमधली कॉफी वाटली, आधी मुलाला दिली. मग तो काठावरच्या पाच माशांकडे बघू लागला.

"त्या बंद टाक्या," तो अखेर म्हणाला. "त्यांचं पाणी कुठून घेतात?"

"खालून. वीस-तीस मीटर. तिथं उवा नसतात."

"आणि वीज गेली तर?"

"जनरेटर असतो."

"जनरेटर," टॉर्लाइव्ह म्हणाला. "फेरीबोटीवरही जनरेटर होता. त्याचं मला सांगू नकोस."

"तुझा जनरेटर युद्धाच्या आधीचा होता बाबा."

"चालायचा तरी."

टुरिडने मोजे काढून बोटं चोळायला सुरुवात केली. ते दोघं टाक्यांच्या भिंतींवर आले, मग त्यांच्या खर्चावर, आणि म्हाताऱ्याचा आवाज चढायला लागला. तिने स्वतःच कप पुढं करून उरलेली कॉफी ओतून घेतली.