मामाच्या घासापायी अडलेली सुई

मित्रांनो, मी एक जुना टांगता वजनकाटा आहे आणि सध्या भलताच वैतागलो आहे. खर्ड्याजवळच्या एका वस्तीवरच्या अंगणवाडीत, छताच्या कडीला मी लटकतो. माझ्या आकड्याला झोळी अडकवतात आणि झोळीत बाळ ठेवतात. मी नवा होतो तेव्हा गावातल्या आज्या कौतुकानं म्हणायच्या, "लई गुनाचा काटा हाय!" बाळ वाढलं की काटा गुणाचा आणि वाढलं नाही की तोच मेला बिघडलेला. हा कुठला न्याय?

समर्थचंच सांगतो. दिपालीचं हे पहिलं पोर पावसाळ्यात जन्मलं. पहिले सहा महिने तिनं त्याला फक्त अंगावरचं दूध पाजलं. दर महिन्याला झोळी जड व्हायची, माझी सुई पुढे सरकायची. मलाही बरं वाटायचं. मग दुधाच्या जोडीला मऊ खाणं सुरू करायची वेळ आली आणि तिथंच घोडं पेंड खाऊ लागलं.

दिपालीची सासू कडूबाई हटून बसली. "आमच्यात पयला घास मामाच्या हातचा. मामाबिगर उष्टावन न्हाई!" आणि मामा, म्हणजे दिपालीचा धाकटा भाऊ अंगद, गेलेला ऊसतोडीला. कारखाना बंद झाल्याशिवाय तो यायचा नाही. तोवर पोरानं काय हवा खायची?

थंडी सरली, ऊन तापायला लागलं, सुई जागची हलेना. कडूबाई माझ्यावरच घसरली, "काटा बिगडलाय, बाई." सेविका रोहिणीताईंनी झोळीत किलोभर मिठाची पुडी ठेवली. मी बरोबर एक किलो दाखवलं. तर कडूबाई म्हणते कशी, "मिठाला बरा वळकतो मेला!" असा संताप झाला माझा!

पुडी काढून समर्थला पुन्हा झोळीत ठेवलं. समोर मोठी मुलं खिचडी खात होती. तो टकामका बघत नुसतंच तोंड हलवत होता. दिपालीनं चार शितं बोटावर घेतली, तसा कडूबाईनं तिचा हात धरला. "मामाचा मान हाय त्यो!"

दिपाली रडतच म्हणाली, "आत्याबाई, मान ऱ्हाईल, माजं पोरगं ऱ्हायचं न्हाई."

मग मात्र रोहिणीताईंनी सरळ अंगदला व्हिडिओ कॉल लावला आणि मोबाईल कडूबाईच्याच हातात दिला. सगळं ऐकून तो उसाच्या फडातूनच बहिणीला ओरडून म्हणाला, "आक्का, भाच्याला उपाशी ठिवून माजा कसला मान राखताय गं? भरव आत्ताच! मी हितनं बगतो."

कडूबाईनं मोबाईल समर्थकडे वळवला. दिपालीनं खिचडी कुस्करून भरवली. पोरानं तर वाटीच ओढली! तेव्हापासून खिचडी, वरणात कुस्करलेली भाकरी, कधी उकडलेलं अंडं, सगळं सुरू झालं. अंगावरचं दूधही चालूच राहिलं.

कारखाना बंद झाला आणि अंगद आला. त्यानं स्वतः भाच्याला झोळीत ठेवलं. सुई सरसर पुढे गेली, तसा मामा खुदकन हसला. कडूबाईनं माझ्याकडे निरखून पाहिलं आणि म्हणाली, "केला वाटतं बाईनी काटा नीट."

मला कुणी हातसुद्धा लावला नव्हता! मित्रांनो, तुमच्या घरात तान्हं असेल आणि सुई अडली, तर माझ्या नावानं बोटं मोडू नका. आधी बाळाची वाटी बघा.