काळुरामशेठची उजवी चप्पल

मित्रांनो, चप्पल म्हटलं की तुम्ही नाक मुरडणार, हे मला ठाऊक आहे. खुशाल मुरडा, पण ऐका तरी. मी एक जुनी चप्पल आहे, उजव्या पायाची. मधुमेहाच्या माणसासाठी मला मुद्दाम बनवलं होतं. आता काम उरलेलं नाही, म्हणून माझं बोलणं जरा कडू लागेल.

नौपाड्यातल्या एका दवाखान्यामागच्या खोलीत सुशांत नावाच्या कारागिराने मऊ रबराचे थर चिकटवून मला घडवलं. आंबिवलीचे काळुरामशेठ माझे मालक. त्यांच्या उजव्या अंगठ्याखाली रुपयाएवढी जखम होती आणि सात महिने झाले तरी ती भरत नव्हती. मधुमेहाने पाय बधिर झालेला. दुखतच नव्हतं, त्यामुळे शेठ त्यावर दणादण चालत. जखमेवर भार पडू नये म्हणून सुशांतने माझ्या तळात नेमका तिथेच खळगा कोरला. डॉक्टर मृणाल यांनी जखमेच्या कडेची मेलेली कातडी काढली, पट्टी बांधली आणि बजावलं, "काका, घरातसुद्धा हीच घालायची. एक पाऊलही अनवाणी टाकायचं नाही. नाहीतर पाय जाईल."

पण घरात चप्पल कोण घेणार? शेठच्या बायकोने, गोदाबाईंनी, मला उंबऱ्यावरच अडवलं. दोन दिवस मी पायरीवर आणि शेठ आत अनवाणी. तिसऱ्या दिवशी पट्टी रक्ताने भिजलेली दिसली, तेव्हा त्या स्वतःच पायरीवर आल्या. ओल्या फडक्याने त्यांनी माझा तळ पुसला आणि म्हणाल्या, "ही चप्पल नाय, औषध हाय. घाला घरान." मित्रांनो, इतका मान चपलेला कोण देतं? मी मनापासून सुखावले.

मग चार महिने मी इमानेइतबारे राबले. दर आठवड्याला नौपाड्याला जायचं, पट्टी बदलायची, परत यायचं. जखम मसुराच्या दाण्याएवढी उरली. "आणखी तीन आठवडे सांभाळा," डॉक्टर म्हणाल्या.

तेवढ्यात शेठच्या मुलीची, ऋतिकाची, हळद आली. आमच्याकडे हळद म्हणजे लग्नापेक्षा मोठी. अख्खं गाव जमलेलं, बेंजो वाजतोय, मांडवात देवक बसलेलं. गोदाबाईंनी शेठना बाजूला घेऊन सांगितलं, "चपला काढू नका हां." शेठ म्हणाले, "पोरीचे हलदीन चपला घालून नाचू? लोका काय बोलतीन?" आणि मांडवाच्या कडेला, पाहुण्यांच्या चपलांच्या ढिगात, त्यांनी मला काढून ठेवलं. मला त्यांचा फार राग आला. अजूनही येतो.

नाचता नाचता मांडवाचा एक सुटा खिळा त्यांच्या तळव्यात शिरला. त्यांना कळलंही नाही. फरशीवर उमटलेले लाल ठसे ऋतिकाने पाहिले.

"पप्पा, पाय दाखवा."

"कुंकू सांडलंय गं. तू बस पाटावर."

नंतर मला हातात घेऊन ते न्हाणीत गेले. तिथे पाय उलटून पाहिला, तेव्हा खिळा दिसला. त्यांनी तो उपटला, भोकात चिमूटभर हळद दाबली आणि वर फडकं बांधलं. पोरीच्या लग्नात विघ्न नको, म्हणून कुणाला सांगितलं नाही. बापाचं काळीज मला कळतं. तरी चुकलं ते चुकलंच.

लग्नभर मी त्यांच्या पायात होते. पाय तापला होता, पू माझ्यात झिरपत होता. त्यांना काहीच जाणवत नव्हतं, मला मात्र सगळं जाणवत होतं. तोंड असतं तर मी भर मांडवात ओरडले असते. शेठ हसत हसत पाहुण्यांना जेवायला बसवत होते.

पाचव्या दिवशी ऋतिका पाचपरतावणाला माहेरी आली. घरात शिरताच तिला वास आला. तिने कुणाला न विचारता बापाचं फडकं सोडलं. अंगठा काळा पडला होता. तशीच गाडी काढून त्यांना ठाण्याच्या मोठ्या रुग्णालयात नेलं. विष वर चढलं होतं. जीव वाचवायला गुडघ्याखालून पाय कापावा लागला.

ऋतिका एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती, "मी तेव्हाच बघायला पाहिजे होतं." शेठ म्हणाले, "तू विचारलंस की. मीच खोटा बोललो." दोघंही रडली. नवी नवरी, हातावर मेंदी तशीच.

माझी जोडीदारीण, डावी, अजून घरात चालते. गोदाबाई रोज शेठच्या डाव्या तळव्याला आरसा लावून पाहतात. मी माळ्यावर पिशवीत पडून आहे. त्यांना मला टाकवत नाही आणि वापरताही येत नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी कुणाला मधुमेह असेल तर "पाय बरा आहे ना?" असं विचारत बसू नका. ते म्हणतील, काही नाही. खोटं बोलत नसले तरी तेच म्हणतील, कारण त्यांना खरंच काही जाणवत नसतं. तुम्ही खाली बसा, त्यांचा पाय मांडीवर घ्या आणि तळवा बघा.