अगस्तबाबांनी बांधलेली गंगा

“उतरलं! पाणी उतरलं! मैया मान गयी!”

पंचगंगा घाटामागच्या गल्लीत एकच कल्लोळ उठला. गल्ली म्हणावं असं खाली काही उरलं नव्हतं. दोन्हीकडच्या घरांच्या मधून गढूळ गंगा वाहत होती आणि तिच्यावर कुणाचा पाट, कुणाची उशी, एक फुगलेली शेळी तरंगत चालली होती. माणसं गच्चीवर राहायला गेली होती. काशीत गच्च्या एकमेकींना खेटूनच, त्यामुळे कठडे ओलांडून दहा घरं एकाच गच्चीवर जमली होती आणि मधोमध चौरंगावर बसले होते अगस्तबाबा.

खिडकीलगतच्या भिंतीवर बाबांनी काल संध्याकाळी शेंदराची रेघ ओढून घेतली होती. आज पाणी तिच्याखाली होतं. त्यांच्या चेल्याने खिडकीतून वाकून बोटं लावली. “आठ अंगुल! बाबाने आठ कहा था, आठ ही उतरा!”

“अगस्त मुनीने समुंदर पिया था,” बाबा डोळे मिटून म्हणाले. “हम तो चुटकी भर गंगा पी रहे हैं।”

गंगा चुटकीभर प्यायचे, पण पोहे आणि गूळ पोत्याने घ्यायचे. सरकारी नाव रोज जे पोहे टाकून जायची, त्यातले निम्मे घराघरातून बाबांच्या चौरंगामागे जमा होत. आणि एक अट होती. बाबांनी मंत्राने गंगेला घातलेलं बंधन पुरं होईपर्यंत गल्लीतलं एकही माणूस घर सोडून जाता कामा नये. एक गेलं तर बंधन सुटेल आणि सगळ्यांची घरं बुडतील. म्हणून तीन दिवस सुटकेच्या नावा रिकाम्या परत जात होत्या.

चौथ्या दिवशी, मंगळवारी दुपारी, अशाच एका नावेतून कालिंदी आली.

कालिंदी टेलिफोन कचेरीत ट्रंक कॉल जोडायची. पूर चढल्यापासून ती उंचावरच्या छावणी भागात अडकली होती, बाकावर झोपत होती आणि कानाला यंत्र लावून प्रयाग, मिर्झापूर, पाटणा जोडत होती. तिचा जीव मात्र या गल्लीत होता. भावाच्या बायकोला, बकुळला, अकरा वर्षांनी दिवस गेले होते आणि नववा सरत आला होता.

खिडकीतून आत उतरली तर बकुळ खाटेवर बसलेली. पायांची बोटं दिसत नव्हती, इतकी सूज. “वन्सं, डोकं फुटतंय हो. आणि डोळ्यांपुढे काजवे.”

डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, असं झालं तर तासही दवडू नका.

“वेणू, ऊठ. नाव खाली आहे.”

तिचा भाऊ वेणीमाधव पाठशाळेत व्याकरण शिकवायचा. विद्वान माणूस, पण त्याची नजर वर गच्चीकडे गेली. “ताई, उद्यापर्यंत थांब. बाबा म्हणालेत, उद्या एक वीत उतरेल. मग बंधन पुरं, आपण लगेच निघू.”

“उद्यापर्यंत? ही?”

“बंधन तुटेल गं! माझ्या एकट्याचा प्रश्न आहे का?”

प्रश्न एकट्याचा नव्हताच. गच्चीवर बातमी गेली आणि शरदिनीकाकू जिना अडवून उभ्या राहिल्या. “कालिंदी, तुझी भावजय जाईल, आणि आमची घरं? माझं धाकटं कुठे ठेवू?”

खालून नावाडी रामदुलार ओरडला, “दीदी, जल्दी! आज की आखिरी खेप है!”

कालिंदीचा संताप डोक्यात गेला, पण ओरडून काही होणार नव्हतं. तिने काकूंना हळूच बाजूला केलं आणि गच्चीवर गेली. बाबांना नमस्कारसुद्धा केला.

“महाराज, उद्या किती उतरेल?”

“एक बित्ता, बेटी। मैया ने आज सुबह कान में कहा है।”

“बरं. नरहरकाका, तुमचं पंचांग आहे ना?”

नरहरकाका ऐंशीचे. जन्म, मरण, उसना दिलेला हंडा, सगळं पंचांगाच्या समासात टिपून ठेवायची त्यांची सवय. बाबांचं प्रत्येक वचन त्यांनी भक्तिभावाने तारखेसमोर लिहिलं होतं. त्यांनी चष्मा लावला.

“शनिवार. बाबा म्हणाले, उद्या चार बोटं उतरेल. उतरलं.”

कालिंदीने पदराच्या गाठीतून चतकोर कागद काढला. “पूर-कचेरीला प्रयागचा आकडा रोज सकाळी मीच जोडून देते. शनिवार सकाळ, प्रयागला उतार, तीन इंच. तीन इंच म्हणजे किती बोटं?”

“चारच की.”

“पुढचं वाचा.”

“रविवार. आठ बोटं.”

“प्रयाग, रविवार सकाळ. सहा इंच.”

काकांनी बोटांवर हिशोब केला आणि पुढची ओळ वाचली. “सोमवार... आठ बोटं.”

“प्रयाग, सोमवार. पुन्हा सहा. काका, प्रयागचं पाणी इथे यायला एक दिवस लागतो. तिथे आज जे होतं ते इथे उद्या. आमच्या कचेरीबाहेर फळ्यावर खडूने लिहिलेलं असतं, ज्याला वाचता येतं त्याने वाचावं. आणि हे,” तिने चेल्याकडे बोट केलं, “हे रोज सकाळी नावेने येऊन त्या फळ्यापुढे उभे असतात. मी खिडकीतून पाहते. मला वाटायचं, पोह्यांच्या रांगेत असतील.”

“मूर्ख औरत!” बाबा गरजले. “मैया कोप करेगी!”

“मैया कोपलीच आहे. आज सकाळी फळ्यावर नऊ इंच उतार होता, म्हणून तुमची एक वीत. दुपारी बारा वाजता प्रयागहून पुन्हा फोन आला. यमुनेचं पाणी आलंय. सव्वा फूट चढ, आणि अजून चढतंय. हे मैयाने कानात सांगितलं नाही?”

बाबांनी चेल्याकडे पाहिलं. चेल्याचा चेहरा उतरला. तो कळवळून म्हणाला, “हमका का मालूम, बाबा! सबेरे तो बोर्ड पर घटाव ही लिखा था!”

मग शरदिनीकाकू पुढे झाल्या. त्यांनी चौरंगामागचं पोतं ओढलं आणि उलटं केलं. त्यांच्याच पोराच्या तोंडचे पोहे होते ते.

बाबा उठले ते थेट जिन्याने, बकुळच्या खाटेला वळसा घालून, खिडकीत. एक पाय नावेत टाकणार तोच रामदुलारने वल्हं आडवं धरलं.

“पहिले जच्चा-बच्चा, बाबा। आपके पास तो बंधन है।”

बकुळ गेली. शरदिनीकाकूंची पोरं गेली. पांढरं फडकं दाखवून आणखी दोन नावा बोलावल्या, आणि अंधार पडायच्या आत गल्ली रिकामी झाली. बाबा शेवटच्या नावेत, चेल्याच्या मांडीला मांडी लावून, तोंड पदरात लपवलेल्या नव्या नवरीसारखे. पाणी पहाटे चढलं. वेणीमाधवच्या घराची मागची भिंत बसली. पण शेजारच्या गल्लीत तोच चेला बाबांचं बंधन सांगून आला होता, आणि तिथे कुणी कागद घेऊन पोचलं नाही. तिथली दोन घरं माणसांसकट बसली.

इस्पितळात बकुळला झटके आले. पहाटे मुलगी झाली. दोघी वाचल्या. डॉक्टरीणबाई हात पुसत बाहेर आल्या आणि वेणीमाधववर बरसल्या, “तीन दिवस कुठे होतात तुम्ही?”

भिंतीला टेकून तो कालिंदीला म्हणाला, “ताई, मी पोरांना प्रत्येक शब्द कुठून आला ते विचारायला शिकवतो गं. मला कसं सुचलं नाही?”

“कारण तिथे तू घाबरला होतास, आणि घाबरलेल्या माणसाला हे लोक बरोबर ओळखतात,” कालिंदी म्हणाली. तिचा राग अजून निवला नव्हता. “गंगेला हात जोड, कोण नको म्हणतंय? पण जो म्हणेल मला कळलं, त्याला विचार, कसं कळलं? तो सांगेना, तर आपल्या माणसाचा जीव त्याच्या हाती देऊ नकोस. एवढंच. याला पोथी लागत नाही.”

आठवड्याने पूरग्रस्तांच्या छावणीत एकजण आला. ओल्या भिंती पडू नयेत म्हणून मंतरलेले खिळे वाटत होता, घराला एक. बायका भोवती जमल्या. वेणीमाधव मुलीला खांद्यावर घेऊन रांगेत उभा होता. तो रांग सोडून पुढे गेला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला,

“महाराज, हे आपल्याला कसं कळलं?”